दारावरची विक्री, वर्गणी आणि प्रचार: कोल्हापुरात परवानगी कशाला, कुणाची? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हे पान दार वाजवणाऱ्यासाठी आहे आणि दार उघडणाऱ्यासाठीही. शिवाजी पेठेतल्या माडीच्या घरात आणि ताराबाई पार्कातल्या अपार्टमेंटमध्ये विचारले जाणारे प्रश्न फारसे वेगळे नसतात, म्हणून सगळे एकत्रच घेतले आहेत.

कोल्हापुरात घरोघर फिरायला महापालिकेचा एकच असा परवाना असतो का?

नाही. बरेच जण महापालिकेत जाऊन "दारोदार फिरायचं लायसन कुठं मिळतं?" असं विचारतात आणि या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतात. खरा प्रश्न आहे तो तुमच्या हातात काय आहे हा. भाजीची पाटी किंवा हातगाडी असेल तर पथविक्रेत्यांचा कायदा लागतो. पावतीपुस्तक असेल तर धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय येतं. कंपनीची बॅग आणि कॅटलॉग असेल तर ग्राहक संरक्षणाचे नियम, आणि उमेदवाराचं पत्रक असेल तर निवडणुकीचे.

यातला कुठलाही कागद जवळ असला, तरी त्याने दुसऱ्याच्या उंबरठ्याच्या आत येण्याचा हक्क मिळत नाही. परवाना असतो रस्त्यावर फिरण्याचा किंवा पैसे गोळा करण्याचा. घरात घ्यायचं की नाही ते घरमालक ठरवतो.

मी गल्लोगल्ली फिरून भाजी, फळं, भांडी विकतो. एका जागी बसत नाही. मलाही प्रमाणपत्र लागतं का?

लागतं. पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम, २०१४ मध्ये पथविक्रेत्याची जी व्याख्या आहे, तिच्यात फिरून विकणाराही येतो. "मी तर फिरता, मला काय लागतंय" हा समज बाजूला ठेवा.

प्रमाणपत्राची वाट सर्वेक्षणातून जाते. दर पाच वर्षांनी किमान एकदा शहरातल्या विक्रेत्यांचं सर्वेक्षण व्हायला हवं, आणि ते नगर पथविक्रेता समितीच्या देखरेखीखाली होतं. सर्वेक्षणात नाव आलं की वयाची १४ वर्षं पूर्ण केलेल्या विक्रेत्याला प्रमाणपत्र मिळू शकतं. धंदा मी स्वतः किंवा माझ्या घरचेच करतील, मला उपजीविकेचं दुसरं साधन नाही आणि हे प्रमाणपत्र मी कुणाला भाड्याने देणार नाही, असं लिहून द्यावं लागतं. शेवटची अट फार महत्त्वाची, कारण प्रमाणपत्र एकाच्या नावावर आणि गाडी दुसऱ्याची, असे प्रकार नेमके याच अटीत अडकतात.

शहराच्या, विभागाच्या किंवा प्रभागाच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घेण्याची तरतूद कायद्यात आहे. प्रमाणपत्राशिवाय विक्री केली किंवा त्यातल्या अटी मोडल्या तर दोन हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. चौकशी भाऊसिंगजी रोडवरच्या महापालिकेच्या मुख्य इमारतीत किंवा आपल्या भागाच्या विभागीय कार्यालयात करा: गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी, ताराराणी मार्केट. जाताना आधार कार्डाबरोबर जुन्या पावत्या, पूर्वीचं ओळखपत्र, सर्वेक्षणाची पोच, जे असेल ते सगळं न्या. ज्याच्याकडे जुने कागद असतात त्याचं काम लवकर पुढे सरकतं.

माझा माल उचलून नेला. परत मिळेल का?

मिळतो, पण मागावा लागतो. माल जप्त करताना त्याची यादी करून सहीनिशी प्रत विक्रेत्याला द्यायची असते. ती प्रत हातात पडल्याशिवाय जागा सोडू नका. नाशवंत माल, म्हणजे भाजी, फळं, फुलं, ज्या दिवशी दावा कराल त्याच दिवशी सोडायचा असतो. बाकीचा माल दोन कामकाजाच्या दिवसांत. ठरलेलं शुल्क भरावं लागतं, त्याची पावती घ्या. जो विक्रेता प्रमाणपत्राच्या अटी पाळून धंदा करतो, त्याला पोलिसांनी किंवा दुसऱ्या कुणीही त्या हक्कांपासून अडवू नये, असंही याच कायद्यात लिहिलं आहे.

पाचगाव, उचगाव, गांधीनगरला हेच नियम का?

नाहीत. हद्दवाढीची चर्चा कोल्हापूरकर वर्षानुवर्षं ऐकत आले आहेत, पण धंद्यापुरतं आज पाहायचं ते एवढंच: ज्या गल्लीत उभे आहात ती महापालिकेत की ग्रामपंचायतीत? २०१४ चा कायदा शहरी स्थानिक संस्थांसाठी आहे. ग्रामपंचायतीच्या हद्दीत बाजारकर, जागा आणि विक्री याबद्दल तिथल्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा ग्रामसेवक) विचारा. पाचगावसारख्या ठिकाणी रस्त्याच्या एका बाजूला शहर आणि दुसऱ्या बाजूला गाव असतं, त्यामुळे महापालिकेची पावती दाखवून सुटका होईल असं धरून चालू नका.

टेम्पोवर स्पीकर लावून "कांदे, बटाटे" ओरडायला परवानगी लागते?

लागते, आणि जवळपास कुणीच घेत नाही. ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे ध्वनिक्षेपक वापरायला लेखी परवानगी हवी. रात्री १० ते सकाळी ६ या वेळात तो बंदच ठेवायचा. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटरपर्यंतचा परिसर शांतता क्षेत्र ठरवता येतो. सीपीआर रुग्णालय आणि त्यासमोर उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे भाऊसिंगजी रोडच्या त्या टप्प्यावर स्पीकर सुरू ठेवणं शहाणपणाचं नाही.

तोंडाने हाळी द्यायला या नियमांत परवानगी लागत नाही. मला विचाराल तर रेकॉर्ड केलेल्या त्या एकसुरी "भंगाऽऽर"पेक्षा जुनी हाळी ऐकायला बरी होती.

आमचा महिला बचत गट पापड, लोणची, चटण्या घरोघर विकतो. आम्हाला काय लागतं?

अन्न सुरक्षा कायद्याखालची नोंदणी. ती ऑनलाइन होते आणि लहान उत्पादकांसाठी वर्षाला १०० रुपये फी आहे. घरच्या स्वयंपाकघरात बनवलं म्हणून सूट नाही. पाकिटावर वजन, किंमत, कधी बनवलं, कुणी बनवलं आणि नोंदणी क्रमांक टाका. कांदा-लसूण चटणीची पिशवी नुसती पिन मारून विकणाऱ्या पुष्कळ जणी चांगला माल बनवतात, पण एकदा तक्रार झाली की त्या पिशवीवर त्यांच्या बाजूने बोलणारं काहीच छापलेलं नसतं.

कंपनीचा सेल्समन न सांगता दारात येऊ शकतो का?

थेट विक्रीच्या, म्हणजे साखळी पद्धतीने विक्रेते जोडणाऱ्या कंपनीचा असेल तर नाही. ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियम, २०२१ सांगतात की विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ किंवा संमती घेतल्याशिवाय ग्राहकाच्या घरी जाऊ नये. आल्यावर स्वतःचं नाव, कंपनीचं नाव, काय विकायला आलो आहोत आणि कशासाठी, हे आधी सांगायचं. किंमत, परतीची अट, पैसे परत मिळण्याची मुदत हे सगळं स्पष्ट करायचं. "आधी हे दोनशे रुपयांचं माहितीपुस्तक घ्या, मग योजना सांगतो" हेही चालत नाही. कंपनीकडे तक्रार निवारण अधिकारी असावा लागतो, त्याने ४८ कामकाजाच्या तासांत पोच द्यायची आणि सर्वसाधारणपणे महिन्याभरात तक्रार सोडवायची.

माणसं जोडण्याचेच पैसे मिळतात आणि माल नावापुरता, अशी योजना असेल तर ती या नियमांनी सरळ बंद केली आहे. ती योजना सांगणारा बहुतेक वेळा नात्यातलाच असतो, त्यामुळे "नाही" म्हणणं जड जातं. तरी म्हणावं.

साध्या फेरीवाल्याला किंवा चादरी विकणाऱ्याला हे नियम लागू नाहीत. मात्र निपाणी, बेळगावहून किंवा इतर राज्यांतून येऊन इथे तात्पुरती विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याने जीएसटीच्या तात्पुरत्या नोंदणीची चौकशी करावी. परराज्यातल्या अशा विक्रेत्याला उलाढाल लहान असली तरी नोंदणी लागू शकते. हस्तकलेच्या वस्तूंना त्यात सवलत आहे.

"फुकट पाणी तपासून देतो" म्हणून दोन मुलं आली आणि नळाचं पाणी तपकिरी झालं. पाणी इतकं खराब आहे?

हा प्रश्न परवान्याचा नाही, तरी सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून जरा सविस्तर. ते जे यंत्र ग्लासात बुडवतात, त्याला लोखंडी आणि ॲल्युमिनियमच्या कांड्या असतात. वीज सोडली की कांडीचं लोखंड पाण्यात उतरतं आणि गंजाचा गाळ तयार होतो. तो तपकिरी रंग कांडीचा असतो, नळाच्या पाण्याचा नव्हे. त्यांच्या फिल्टरच्या पाण्यात रंग येत नाही, कारण त्यातले क्षार काढून टाकलेले असतात आणि क्षार नसले की वीज नीट वाहत नाही. त्या स्वच्छ पाण्यात चिमूटभर मीठ टाकून पुन्हा कांड्या बुडवायला सांगा. बहुतेक जण त्याच क्षणी यंत्र आवरायला लागतात.

आपल्याकडे ही युक्ती चालते त्याला कारण आहे. पंचगंगेच्या प्रदूषणाच्या बातम्या आपण वाचत आलो, २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली होती ती लोक विसरलेले नाहीत. २०२३ च्या नोव्हेंबरात काळम्मावाडीचं पाणी थेट पाईपलाईनने शहरात आलं, पण भीती इतक्या लवकर जात नाही. पाण्याबद्दल खरंच शंका असेल तर महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागाकडे तक्रार करा किंवा शासकीय प्रयोगशाळेत नमुना द्या. जंतू आहेत की नाहीत ते कांड्यांनी कळत नाही.

गणपतीची वर्गणी मागायला मंडळाला परवानगी लागते का?

मंडळ सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेलं असेल तर वेगळी परवानगी लागत नाही. नोंदणी नसेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घेऊन मगच पावतीपुस्तक बाहेर काढायचं. अर्ज ऑनलाइन होतो. मंडळाचा ठराव, पदाधिकाऱ्यांची ओळखपत्रं आणि आधीच्या वर्षी परवानगी घेतली असेल तर त्या वर्षाचा हिशेब लागतो. अडतं ते बहुतेक हिशेबावर. डॉल्बीचं बिल कुणाच्या खिशात आणि मांडववाल्याचं कुणाच्या, हे ऑगस्टमध्ये शोधायला लागलं की परवानगीला उशीर ठरलेलाच.

कोल्हापुरात वर्गणी फक्त गणपतीची नसते. शिवजयंती, नवरात्र, आषाढात टेंबलाईला पाणी घालायला जाणाऱ्या गल्ल्या, तालमीचा वर्धापनदिन. दोन घरांची गल्ली असली तरी तिथे मंडळ असतं आणि प्रत्येकाकडे पावतीपुस्तक असतं. कायद्याला कारण गल्लीचं की तालमीचं याने फरक पडत नाही. लोकांकडून धार्मिक किंवा धर्मादाय कारणासाठी पैसे घेतले की हिशेब आलाच.

मंडळाच्या पोरांना एक सांगणं: पावतीवर मंडळाचं पूर्ण नाव, परवानगीचा किंवा नोंदणीचा क्रमांक, अनुक्रमांक छापून घ्या आणि आकडा देणाऱ्यासमोर लिहा. कोरी पावती फाडून "नंतर लिहितो" म्हणणाऱ्या मंडळाला पुढच्या वर्षी कमी वर्गणी मिळते, हे कुठल्याही पेठेत विचारून बघा.

वर्गणीचा आकडा मंडळ ठरवतं आणि दुकानदाराला दमात घेतं. काय करायचं?

वर्गणी ऐच्छिक आहे. रक्कम देणारा ठरवतो, शून्यसुद्धा. भीती दाखवून पैसे काढले तर ती खंडणी होते, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ प्रमाणे तिला सात वर्षांपर्यंत कैद आहे. जुना राजवाडा, लक्ष्मीपुरी, शाहूपुरी, राजारामपुरी, जे पोलीस ठाणे तुमच्या भागाचं असेल तिथे तक्रार द्या. रात्री किंवा तातडीचं असेल तर ११२ ला फोन करा.

हे लिहायला सोपं आहे, हे मला कळतं. ज्या पोरांनी दम दिला तीच उद्या दुकानासमोर गाड्या लावणार आहेत. म्हणून लक्ष्मीपुरीसारख्या बाजारपेठेत दुकानदारांनी मिळून एकच रक्कम ठरवावी आणि व्यापारी संघटनेमार्फत चेकने द्यावी. मंडळाशी भांडण नाही, आणि एकट्याच्या दारात चौघे उभे राहण्याची वेळही येत नाही.

अनाथाश्रमाची पावती घेऊन बाहेरगावचे लोक येतात. खरे कसे ओळखायचे?

महाराष्ट्रात नोंदलेल्या न्यासाला ई, एफ अशा अक्षराने सुरू होणारा क्रमांक आणि जिल्ह्याचं नाव असतं. तो पावतीवर बघा आणि धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर ताडून घ्या. पैसे कधीही माणसाच्या वैयक्तिक खात्यावर किंवा त्याच्या फोनवरच्या क्यूआरवर टाकू नका, संस्थेच्या नावाच्या खात्यावरच टाका. "८० जी मिळेल", म्हणजे देणगीवर आयकरात वजावट मिळेल, असं सांगत असतील तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. दोन हजारांपेक्षा जास्त रोख देणगीवर ती वजावट मिळत नाही. आणि नवी करप्रणाली घेतली असेल तर ८० जी तुमच्या उपयोगाचंच नाही.

वासुदेव, जोगवा मागणाऱ्या बायका, नंदीबैलवाले यांना परवानगी लागते?

कायद्याच्या अक्षराकडे पाहिलं तर उत्तर अवघड आहे. मुंबईच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९५९ च्या भीक प्रतिबंधक कायद्यात भिकेची व्याख्या फार रुंद आहे. गाणं, नाच, भविष्यकथन यांच्या निमित्ताने मागणं आणि भिक्षेसाठी खासगी आवारात शिरणंही तिच्यात येतं. कायद्याने किंवा ठरलेल्या पद्धतीने जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी मान्य केलेल्या कारणासाठी मागणं मात्र वगळलं आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तिथल्या अंमलापुरत्या या कायद्याच्या अनेक तरतुदी रद्द केल्या, तो निकाल महाराष्ट्राला बांधील नाही.

माझं मत विचाराल तर पहाटे मोरपिसांची टोपी घालून येणाऱ्यावर हा कायदा चालवणं म्हणजे गरिबीला दंड लावणं आहे. द्यायचं नसेल तर हात जोडून पुढे पाठवा. लहान मुलाला पुढे करून मागणारी टोळी दिसली तर मात्र १०९८ या बालकांच्या मदत क्रमांकावर कळवा.

उमेदवाराने घरोघर प्रचार करायला परवानगी लागते का?

चार-दोन कार्यकर्त्यांनी दारोदार जाऊन मत मागायला वेगळी परवानगी लागत नाही. पदयात्रा, रॅली, ढोल-ताशा, गाडी, स्पीकर आला की लागते. पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवा. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२७ क प्रमाणे ते नसलेलं पत्रक छापणं हा गुन्हा आहे. लोकसभा-विधानसभेला मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत जाहीर सभा, मिरवणुका बंद होतात आणि मतदानाच्या दिवशी केंद्रापासून १०० मीटरच्या आत मत मागता येत नाही. महापालिका निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, त्यामुळे प्रचार थांबण्याची वेळ त्याच्या आदेशात बघावी.

गेटवर, भिंतीवर न विचारता स्टिकर चिकटवणं हा वेगळा गुन्हा आहे. मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध कायदा, १९९५ प्रमाणे तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड. हा कायदा क्लासवाले आणि पेस्ट कंट्रोलवाल्यांनाही तितकाच लागू आहे.

आणि रात्री येणारी पाकिटं, जेवणावळी?

मतासाठी पैसे देणारा आणि घेणारा, दोघेही गुन्हेगार. न्याय संहितेच्या कलम १७३ मध्ये लाचेला एक वर्षापर्यंत कैद आहे. लाच खाण्यापिण्याच्या रूपात असेल तर फक्त दंड. तांबडा-पांढरा ओरपून आलेल्यांना हा बारकावा माहीत असतो की नाही कोण जाणे, पण पंगत वाढणारे तो बरोबर ओळखून असतात. लोकसभा-विधानसभेच्या वेळी फोटो किंवा व्हिडिओ सी-व्हिजिल ॲपवर टाकता येतो.

जनगणना, मतदार यादी, गॅस, वीज मीटर: यांना नाही म्हणता येतं का?

प्रगणकाला नाही म्हणता येत नाही. जनगणना कायदा, १९४८ प्रमाणे उत्तर देणं बंधनकारक आहे, आणि दिलेली माहिती गोपनीय राहते. २०२७ च्या जनगणनेचा घरयादीचा टप्पा एप्रिल ते सप्टेंबर २०२६ मधला आहे, त्यामुळे त्या काळात शाळेतले गुरुजी-बाई ओळखपत्र घेऊन दारात येतील. ते पैसे, ओटीपी, बँक खातं विचारत नाहीत. विचारलं तर तो प्रगणक नव्हे.

गॅसची तपासणी करायला कुणी आलं तर त्याला दाराबाहेर थांबवून आधी तुम्हीच एजन्सीला फोन करून विचारा. वीज मीटरचंही तसंच, महावितरणचा क्रमांक १९१२. सरकारी माणूस असल्याची बतावणी करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे.

सोनं पॉलिश करून देतो म्हणणारे?

दार लावून घ्या. ११२.

आमच्या सोसायटीने "विक्रेत्यांना बंदी" असा बोर्ड लावला तर चालेल?

चालेल. आवार खासगी आहे, सर्वसाधारण सभेत ठराव करून प्रवेशाची वेळ आणि नोंदवही ठरवता येते. पण सरसकट बंदीपेक्षा वेळ ठरवलेली बरी. रुईकर कॉलनीत काय किंवा नागाळा पार्कात काय, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना दारात येणारा भाजीवाला लागतो. बंदीचा बोर्ड लावणारे तरुण मेंबर सकाळी नऊला गाडी काढून जातात. जनगणनेच्या प्रगणकाला किंवा न्यायालयाच्या बेलिफाला हा बोर्ड अडवू शकत नाही.

नको म्हटलं तरी माणूस जात नाही. कायद्यात काय आहे?

सुरुवातीला बोलावून आत आलेला माणूसही धमकावण्यासाठी, अपमान करण्यासाठी किंवा त्रास देण्यासाठी आत थांबून राहिला तर ते अतिक्रमण होतं. घरात असेल तर न्याय संहितेच्या कलम ३२९ खाली एक वर्षापर्यंत कैद आहे. वाद घालू नका. साखळी लावलेल्या दारातूनच एकदा स्पष्ट "नको" म्हणा, शेजाऱ्यांना हाक मारा, मग फोन.

घेतलेली वस्तू बोगस निघाली. आता?

पावती, पाकीट, पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, पुष्कळ कंपन्या एवढ्यावरच पैसे परत करतात. नाही झालं तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागतोच असं नाही, मुदत दोन वर्षांची. घरी येऊन कुणी विमा पॉलिसी गळ्यात मारली असेल तर कागद मिळाल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० ला त्याच तासात फोन करा, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत ते गोठवता येण्याची शक्यता तेव्हाच जास्त असते.